न उडालेल्या गोळ्यांचा भाव

दुकानदाराने रिव्हॉल्व्हर नाकाशी नेऊन हुंगलं, तशा बाई काउंटरवर वाकल्या.

"वास कसला घेताय? आंबलंय का ते?"

"बघावं लागतं, काकू. तेल कधी घातलंय ते कळतं."

"काय?"

"तेल! तेल!"

"तेल आम्हीच घातलंय. त्याचे वेगळे पैसे नाही मागत आम्ही," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. पहिली चढाई आपण मारली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

बंदुकांचं दुकान म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे काही येतं, तसं ते दुकान नव्हतं. अरुंद, लांबट खोली. एका भिंतीला काचेचं कपाट, त्यात साखळीने बांधलेल्या बंदुका. समोर काउंटर, त्यावर लोकरीचा तुकडा, पितळी गज, तेलाची बुदली, चिंध्यांचा ढीग आणि दुकानदाराचा जेवणाचा डबा. दाराजवळच्या बाकावर बँकेचा एक रखवालदार आपली दुनळी बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसला होता. तिचा चाप अडकत होता. ती दुरुस्त होईपर्यंत त्याला बँकेत कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे त्याला मुळीच घाई नव्हती. त्याच्या शेजारी बाईंचे यजमान, म्हणजे रिव्हॉल्व्हरचे मालक, हातवारे करून काहीतरी सांगत होते.

त्यांना सगळे फौजदार म्हणत. ते फौजदार कधीच नव्हते. उभा जन्म त्यांनी एका लाकडाच्या वखारीत रोखपालाचं काम केलं. मजुरांच्या पगाराची रोकड बँकेतून काढून जंगलातल्या कामावर पोचवावी लागे, म्हणून मालकांनी त्यांचा परवाना काढला आणि त्यांना हे रिव्हॉल्व्हर घ्यायला लावलं. आणि एका संध्याकाळी, घाटाच्या वळणावर, तीन दरोडेखोरांनी जीप अडवली. पुढचं साऱ्या गावाला पाठ होतं. न्हाव्याला पाठ होतं, वीजबिलाच्या खिडकीवरच्या कारकुनाला पाठ होतं, नातीने तर 'माझे शूर आजोबा' असा निबंध लिहून बक्षीस आणलं होतं. रोखपालाचा फौजदार झाला तो असा, आणि बाई आपोआप फौजदारीणबाई झाल्या.

आता फौजदारांचा हात कापायला लागला होता. डॉक्टरांनी परवान्याच्या कागदावर सही करायला नकार दिला आणि पोलीस ठाण्यातून पत्र आलं: हत्यार विका, नाहीतर जमा करा. मुदत उद्या संपत होती. काडतुसं त्यांनी आधीच ठाण्यात देऊन टाकली होती. रिव्हॉल्व्हरही तसंच देऊन मोकळे झाले असते. पण 'जमा' म्हणजे 'फुकट' हे कळल्याबरोबर बाईंनी पिशवी उचलली आणि नवऱ्याला घेऊन निघाल्या. त्यांना एकट्याला पाठवण्यात अर्थ नव्हता. एका कप चहावर हत्यार देऊन आले असते, आणि वर कपाचे पैसेही स्वतःच दिले असते.

पैशांची गरज होती ती बाईंच्या कानांसाठी. डावा कान पार गेला होता, उजवा त्याच्या मागोमाग निघाला होता. घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे नवरा-बायकोचं कुठलंही गुपित आधी शेजारी पोचे आणि मग बाईंपर्यंत. आकडे मात्र त्यांना बरोबर ऐकू येत. ते कसे, हे डॉक्टरांनाही उमगलं नव्हतं. कानाच्या यंत्रांच्या दुकानात एका कानाचे बावीस हजार सांगितले होते, दोन्हींचे चाळीस. "एकच लावलंत तर आवाज येईल, पण कुठून आला ते कळणार नाही," असं तिथली मुलगी म्हणाली होती. बाई म्हणाल्या, "एकच पुरे. दोन्ही कानांनी ऐकावं असं लोक बोलतात काय?" आणि परत येताना डाव्या बाजूने आलेल्या सायकलीने त्यांना लोळवलं. सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला होता. बाईंचं कोपर सोलवटलं, आणि फौजदारांनी त्याच क्षणी मनाशी ठरवलं की घ्यायचे तर दोन्ही कान.

"पंचवीस," दुकानदार म्हणाला.

"पंचवीस? बंदुकीचा भाव सांगताय की नुसत्या मुठीचा?"

"काकू, वापरलेला माल आहे. मोटारीसारखंच असतं हे. जेवढं चाललं तेवढं उतरलं. जेवढ्या गोळ्या जास्त, तेवढा भाव कमी."

हे दुकानदाराने बोलायला नको होतं. बाईंचे डोळे लकाकले.

"मग यांनी असं चालवलंय तरी किती!"

नेमका त्याच वेळी बाकावरून फौजदारांचा आवाज चढला. "...आणि मग मी काय केलं? चौथी झाडली. आणि तो जाड्या वळून बघतोय तोच पाचवी—"

"पाच कुठल्या?" बाई गर्रकन वळल्या. "तीन! जन्मभर तीन सांगत आलात, आज पाच कशा झाल्या?"

"तीन?" रखवालदाराने विचारलं. त्याचा थोडा हिरमोड झालेला दिसला.

"तीनही नका धरू, भाऊ," बाई दुकानदाराला म्हणाल्या. "दोनच धरा. तिसरी नुसती हवेत गेली."

"अगं, तिन्ही हवेतच झाडल्या होत्या!"

"काय?"

"तिन्ही हवेत!"

"मग त्या मोजायच्याच कशाला?" बाईंनी दुकानदाराकडे बघितलं. "एक धरा. एक झाडली, माणसं पळाली."

"एका गोळीत तीन-तीन दरोडेखोर पळतात होय?" फौजदार उठून उभे राहिले.

"भित्रे असतील."

पालेभाजी निवडून देठं बाजूला टाकावीत तसं आपलं शौर्य भर दुकानात निवडलं जातंय, हे बघून फौजदारांचा चेहरा उतरला. पण ते पुन्हा बाकावर बसले. प्रत्येक देठामागे बाईंचा दुसरा कान थोडा थोडा जवळ येत होता, हे त्यांनाही दिसत होतं.

दुकानदाराने दिवा ओढून घेतला, रिव्हॉल्व्हरचं चाक बाहेर काढलं आणि चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांशी धरलं. बोटाने चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. नळीतून पांढरी चिंधी ओढून काढली, उलटसुलट केली. मग चष्मा खाली घेऊन त्याने बाकाकडे पाहिलं. फौजदार पुन्हा घाटाच्या वळणापर्यंत पोचले होते. दुकानदाराची नजर भेटताच ते वळणावरच थांबले.

"काका, जरा इकडे येता?"

दोघं कपाटाच्या पलीकडच्या टोकाला गेले. बाईंमुळे कुजबुजायची गरज नव्हती, पण रखवालदाराचे कान तल्लख होते.

"काका, हे कधी उडालेलंच नाही."

फौजदारांनी काउंटरवरची एक चिंधी उचलली, तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"दिसतं का हो ते?"

"चाकाच्या तोंडाशी काजळी धरते. कितीही पुसा, डाग राहतो. कारखान्यात चाचणी घेतात त्याची एवढीशी खूण आहे, त्यापुढे काही नाही. नळी तर कालच आणल्यासारखी आहे."

"सायलेन्सर होता," फौजदार म्हणाले.

"कोण?"

"जीपचा सायलेन्सर. ड्रायव्हर घाबरून डोकं खाली घालून किल्ली फिरवत बसला होता. गाडी एकदम सुरू झाली आणि फाट फाट आवाज निघाले. ते पळाले. माझं म्यानाचं बटणच निघत नव्हतं. नवीन होतं, घट्ट." फौजदारांनी घाम पुसायला तीच चिंधी वापरली, त्यामुळे कपाळावर तेलाचा पट्टा उमटला. "दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच साऱ्या वखारीला सांगत सुटला, साहेबांनी तीन बार काढले म्हणून. त्याला बिचाऱ्याला खरंच तसं वाटलं. मी 'नाही' म्हणणारच होतो. पण मालकांनी मला मिठी मारली. मिठीत असताना कसं सांगणार?"

"नंतर सांगायचं."

"नंतर घरी गेलो. ही दारात उभी होती. तिच्या कानावर आधीच गेलं होतं. त्यापूर्वी ती मला उठता-बसता बावळट म्हणायची. त्या दिवसानंतर एकदाही नाही म्हणाली."

दुकानदार स्वतः लग्न झालेला माणूस होता. त्याने थोडा विचार केला.

"न उडालेल्याचा भाव पंचेचाळीस होतो. वाजवी तो देतो. आणि काकूंना माझ्या तोंडून काही कळणार नाही."

फौजदारांना त्याचे पाय धरावेसे वाटले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. इथे तर दोन कान मिळत होते आणि नावही शाबूत राहत होतं. छाती पुढे काढून ते परत बाकाकडे निघाले.

दुकानदार काउंटरवर येऊन मोकळेपणाने म्हणाला, "चला काकू, पंचेचाळीस देतो."

आकडा बाईंनी पहिल्या फटक्यात ऐकला. पण चेहरा खुलायच्या ऐवजी आक्रसला.

"का?"

"का म्हणजे? मघाशी नीट पाहिलं नव्हतं. माल चांगला आहे."

"अजून मी घासाघीस सुरूही केलेली नाही. मला बसायला खुर्ची दिलीत तेवढीच. आपणहून वीस हजार वाढवणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. किती चांगला आहे माल?"

"फारच चांगला."

"मग साठ द्या."

दुकानदाराने मदतीसाठी फौजदारांकडे पाहिलं. फौजदार छताकडे बघत होते.

"काकू, तसं नव्हे. म्हणजे, हा नमुना हल्ली मिळत नाही, म्हणून जरा—"

"मिळत नाही?" हे बाईंना उजव्या कानाने लख्ख ऐकू आलं. "मग सत्तर!"

खरं सांगायची सोय नव्हती आणि प्रत्येक थाप दहा-पंधरा हजारांना पडत होती. दुकानदार घामाघूम झाला. पंचेचाळीसच्या वर एक छदाम परवडत नाही, असं त्याने काउंटरवर हात आपटून सांगितलं. त्याने हात आपटला म्हणून बाईंची खात्रीच पटली.

"हे नक्की कुठल्यातरी राजाचं वगैरे निघालंय. उचला हो ते. दुसऱ्या दुकानात दाखवू."

"गावात दुसरं दुकान नाही!" फौजदार ओरडले.

"मग दुसऱ्या गावात आहे."

"अगं, मुदत उद्याची आहे!"

"राहू द्या," दुकानदार कंटाळून म्हणाला. त्याने रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून पुढे सारलं. "मला नकोच हा व्यवहार. देव बरं करो तुमचं."

बाईंनी गुंडाळी पिशवीत टाकली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. डावीकडून एक स्कूटर हॉर्न वाजवत, बोंबलत येत होती. बाई शांतपणे समोर बघत होत्या. फौजदारांनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि आत ओढलं. स्कूटर पदराएवढ्या अंतरावरून निघून गेली. काय झालं तेही बाईंना कळलं नाही. "ओढताय काय असे?" त्या म्हणाल्या.

फौजदारांनी त्यांचा दंड सोडला नाही.

"अगं, ते मी कधी उडवलंच नाही!" ते म्हणाले.

"काय?"

असली गोष्ट माणूस बायकोशी जन्मात एकदा कशीबशी बोलतो. फौजदारांना ती दुसऱ्यांदा, आणि आणखी मोठ्याने बोलावी लागली.

"एकही गोळी उडवली नाही मी! कधीच! म्हणून तो जास्त पैसे देतोय! सायलेन्सर होता तो! जीपचा!"

रखवालदार उभा राहिला. समोरच्या पानाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. दुकानदाराने उगाचच बुदलीचं झाकण घट्ट केलं. फौजदारांनी डोळे मिटून घेतले होते. लाज तर वाटत होतीच, पण पाठीवरचं एक पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखंही वाटत होतं, आणि दोन्हीपैकी काय जास्त वाटतंय ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दुकानदाराकडे, मग पिशवीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. त्या पुढे झाल्या आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजल्या. बहिऱ्या माणसाची कुजबुज रस्त्यापलीकडेही ऐकू जाते.

"शाब्बास! एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा दुकानात तुमचं तोंड उघडलं!"

"अगं, मी खरंच—"

"पुरे. जास्त बोललात की खोटं वाटतं." मग त्यांनी गुंडाळी काढून काउंटरवर ठेवली. "ऐकलंत ना, भाऊ? न उडवलेलं आहे. मालक स्वतः शपथेवर सांगतायत. काढा पंचेचाळीस."

दुकानदार खाली वाकून बराच वेळ गल्ल्यात काहीतरी शोधत राहिला. वर आला तेव्हा त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि खांदे हलत होते.

रखवालदार मात्र हसत नव्हता. त्याने पुढे येऊन फौजदारांना कडक सलाम ठोकला.

"साहेब, मघाशी म्हणालात त्या काकूंच्या कानांसाठी स्वतःचं नाव पाण्यात घातलंत. गोळी कुणीही झाडेल. याला काळीज लागतं."

"अहो, खरोखरच सायलेन्सर होता," फौजदार काकुळतीला येऊन म्हणाले.

"होय साहेब. सायलेन्सर," रखवालदार म्हणाला आणि त्याने डोळा मारला.

तिथून दोघं थेट कानाच्या यंत्रांच्या दुकानात गेले. बाई वाटेत तीनदा म्हणाल्या की साठ सहज आले असते. फौजदार त्यांच्या डाव्या बाजूने चालत होते. खरं सांगूनही माणूस खोटा ठरू शकतो, हे त्यांना नवीन होतं.

यंत्रांच्या दुकानातल्या मुलीने बाईंना आतल्या छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना जाड कापड लावलेलं होतं, बाहेरचा आवाज आत येत नव्हता. तिने एक यंत्र डाव्या कानात बसवलं, एक उजव्या, आणि कसलीशी बारीक बटणं दाबली. बाई दचकल्या. मग त्यांनी पिशवीची कड चुरगाळून पाहिली, आणि तिचा आवाज ऐकून पुन्हा चुरगाळली. फौजदारांना ते बघवेना. इतका वेळ आपण कशाला अडलो, असं त्यांना वाटलं. आधीच ओरडायला हवं होतं.

"आजोबा, आजींच्या मागे उभे राहा आणि हळू आवाजात काहीतरी बोला," मुलगी म्हणाली. "नेहमीचं नका बोलू हं. नेहमीची वाक्यं ऐकू न येताही ओळखता येतात. त्यांना माहीत नसलेलं काहीतरी सांगा."

फौजदार मागे जाऊन उभे राहिले. समोर बायकोचा विरळ झालेला अंबाडा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन इवलीशी यंत्रं. हिला माहीत नाही असं काय आहे? पेन्शन माहीत, दुखणी माहीत, लपवून खाल्लेली साखर माहीत. फौजदारांनी घसा साफ केला. बायकोशी हळू बोलायची सवयच राहिली नव्हती, आवाज कुठून काढायचा तेच सुचेना.

"एकही नाही उडवली गं," ते म्हणाले. "फार घाबरलो होतो मी."

बाई हलल्या नाहीत. पिशवीची कड चुरगाळणारी बोटं तेवढी थांबली.

"काय म्हणाले आजोबा?" मुलीने विचारलं.

बाईंनी पिशवीची चुरगळलेली कड सरळ केली.

"तीन गोळ्या झाडल्या म्हणाले," त्यांनी सांगितलं. "आणि तिन्ही दरोडेखोर पळाले."

मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने बटणाकडे हात नेला. "आवाज थोडा वाढवते, आजी. शब्द नीट पोचत नाहीयेत."

"नको गं. दोन्हीकडून अगदी स्वच्छ येतंय. हवं तर त्यांनाच विचार."

मुलीने मागे वळून फौजदारांकडे पाहिलं. त्यांनी रुमाल शोधला, तो सापडला नाही, म्हणून बाहीनेच डोळे पुसले.

"बरोबर ऐकलं तिने," ते म्हणाले, पण इतक्या हळू की मुलीला पुन्हा विचारावं लागलं.